घाटात खोटं चालत नाही

भटूभाऊंच्या जीपमध्ये दारू प्यालेला माणूस चालतो, कोंबडी चालते, एकदा तर बोकडही चालला. खोटं मात्र चालत नाही. शहाद्याहून निघालेली जीप धडगावच्या घाटाला लागली की ते आरशातून मागे बघतात आणि जाहीर करतात, "घाटमा खोटं चालाव नई. गाडी तापस."

मी धडगावच्या शाळेत मास्तर, त्यामुळे रोजचा साक्षीदार. एका कारकुनाने घाटातून साहेबांना फोनवर "ऑफिसातच बसलोय" असं सांगितलं. भटूभाऊंनी करकचून ब्रेक दाबला. "साहेबले खरं सांग, मंग गियर टाकसू." एकदा नव्या जावयाला सासूबाईंनी, मांडे कसे झाले होते, असं विचारलं. बिचारा खरं बोलला. सासूबाई उठून पुढच्या सीटवर गेल्या, आणि त्यांची मुलगी धडगाव येईपर्यंत पदरात तोंड लपवून हसत होती.

हे खूळ एका पिक्चरमुळे. त्यांनी इतरही पाहिले असतील, पण आठवतो हा एकच. तीन मित्र मोडक्या गाडीतून दूरच्या जत्रेला निघतात. अट एकच, जो खोटं बोलेल त्याने खाली उतरायचं. मग कुणाचं मन कुणावर ते बाहेर येतं, भांडणं होतात, तिघं वेगवेगळ्या वाटांनी घरी परततात. "पोरे गयात, मानसं व्हईसन उनात," म्हणजे पोरं गेली, माणसं होऊन आली, हा भटूभाऊंचा समारोप. तो आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

परवा परतीला जीपमध्ये मी एकटाच होतो. विचारून टाकलं, "भटूभाऊ, लग्न का नाही केलंत?"

स्वतःच्याच कायद्यात माणूस सापडला. त्यांनी वळणावर जीप उभी केली.

तो पिक्चर त्यांनी शहाद्याला कॉलेजच्या मंडळींबरोबर पाहिला होता. त्यात सविताही होती, तापीकाठच्या गुजर घरातली. परतीच्या एसटीत पिक्चर अंगात भिनलेला. यांनी धीर करून विचारलं, "खरं सांग, तुले काय वाटी ऱ्हायनं?" ती म्हणाली, "गमत नई."

आता आमच्या अहिराणीत 'गमत नई' म्हणजे करमत नाही. गुजरातीत मात्र आवडत नाही असाही अर्थ निघतो. पोरगी गुजरांची, म्हणून आमच्या शहाण्याने गुजराती अर्थ लावला आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसला. ती पुढे लग्न होऊन सुरतेकडे गेली.

"यंदा सारंगखेडाले घोडाबजारमा भेटनी," भटूभाऊ म्हणाले. "नातू व्हता संगे. हसीसन म्हने, तुन्हीच भाषामा सांगं व्हतं, गमत नई. तुन्हाबिगर, इतलं बी सांगनं पडस का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनं, यष्टीना आवाजमा काही ऐकूच उनं नई."

"भटूभाऊ! खोटं?"

"सारंगखेडा सपाट शे, मास्तर. तठे चालस."

खरं सांगितलं असतं तर तिला उगीच चुटपुट लागली असती. ती त्या खटारा एसटीला मनसोक्त हसली आणि नातवाला घोडे दाखवायला घेऊन गेली.

"आणि तुम्हाला काय वाटलं?" मी विचारलं.

त्यांनी किल्ली फिरवली, पण गियर टाकला नाही.

"माले? लई बरं वाटनं, मास्तर. कोनले तरी मन्हाबिगर गमत नव्हतं."