साळवे सरांची खरी जन्मतारीख

अमृतमहोत्सव चार दिवसांवर आला असताना शांतवन साळवे सरांना कळलं, की आपण पंचाहत्तर वर्षांचे झालेलोच नाही.

तसं यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. अमरावतीच्या कॅम्पातल्या त्यांच्या चर्चचे तरुण पाळक प्रसन्न यांनी कपाटातलं जुनं बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढलं आणि सरांच्या नोंदीचा फोटो कौतुकानं मोबाइलवर पाठवला. टाकानं लिहिलेल्या त्या नोंदीत जन्मतारीख होती तेवीस डिसेंबर एक्कावन्न. शाळेच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर मात्र एक जून पन्नास. सर स्वतः मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे भानगड त्यांना लगेच उमगली. डोक्यावरून हात नेऊन पोराला पलीकडचा कान धरता आला, की त्या काळचे गुरुजी त्याला सहा वर्षांचं धरून एक जून लिहून मोकळे होत. सरांचे हात लांब होते, एवढंच.

"कार्यक्रम रद्द," सरांनी जाहीर केलं.

सून चारुता हातातलं काम टाकून आली. दीडशे पत्रिका वाटून झाल्या होत्या, अचलपूरहून पाहुणे निघणार होते, आलुबोंड्यांची ऑर्डर गेली होती आणि फलकावर हाताएवढा पंचाहत्तरचा आकडा छापून आला होता. "पप्पा, आधारवर पंचाहत्तरच हायेत न," ती म्हणाली. "कोन पाहून राहिलं?"

सरांनी नुसतं बोट वर केलं. वर पंखा होता, पण चारुताला कळायचं ते कळलं.

संध्याकाळी पाळक समजवायला आले. त्यांचं आणि सरांचं तसं जुनंच वाजत असे. तरुण संघाच्या सभेत पाळक सांगत, की काळ बदलतो, माणसं बदलतात, आज्ञेतले शब्द धरून बसू नये, तिच्यातलं प्रेम पाहावं. मागच्या बाकावरून सर विचारत, की मग दहा आज्ञा दगडावर कशाला कोरल्या, पाटीवर खडूनं लिहून दिल्या असत्या. आताही पाळक म्हणाले, की दीड वर्षाच्या फरकानं कुणाचं नुकसान होत नाही, लोक प्रेमानं करताहेत.

"नुकसान झालं तरच खोटं, असं आज्ञेत नाई," सर म्हणाले. "आज दीड वर्ष चालते म्हनाल, उद्या सारंच चालते."

त्यांच्या पत्नी रिबकाबाई एरवी अशा वादात पडत नसत. त्या दिवशी मात्र चहा देताना त्या हळूच म्हणाल्या, की जाऊ द्या न, जुनी वही आहे, ठेवून द्या कपाटात. सर चांगलेच भडकले. एकोणपन्नास वर्षं संसार करूनही सत्याची चाड घरात रुजली नाही, याचं त्यांनी जेवण होईपर्यंत दुःख केलं. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. कार्यक्रम होऊ द्या, पण मंडळीसमोर रजिस्टर घेऊन मी खरं सांगणार.

रविवारी, एक जूनला, उपासना आटोपल्यावर सर उभे राहिले आणि त्यांनी खरंच सांगितलं. आपण त्र्याहत्तर वर्षांचे आहोत, फलकावरचा आकडा खोटा आहे, काळ बदलला म्हणून तारीख बदलत नाही. कुणीतरी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनीच वाजवली. सर सुखावले. तिथंच थांबते तर निभावलं असतं.

"सत्याले भ्यायचं काहून?" ते म्हणाले. "सुरुवात माह्या घरापासून करा. पाळकसाहेब, आमच्या रिबकाची नोंद वाचा. तिचाही बाप्तिस्मा इथलाच."

पाळकांनी पानं उलटली, एका जागी थांबले आणि म्हणाले, की नंतर वाचू. सर म्हणाले, आत्ताच. पाळकांनी मग रजिस्टर त्यांच्यापुढे केलं.

रिबका, मोर्शी. जन्म नऊ मार्च पन्नास.

लग्नात आपल्याहून तीन वर्षांनी लहान म्हणून सांगितलेली बायको पावणेदोन वर्षांनी मोठी होती. सरांनी समोर पाहिलं. पहिल्या बाकावर रिबकाबाई पदर घट्ट धरून बसल्या होत्या. सरांनी रजिस्टर मिटलं.

"शाई पुसट झाली हाये," ते म्हणाले. "वाचता येत नाई."

रिबकाबाई उठून उभ्या राहिल्या.

"पुसट नाई. नऊ मार्च पन्नास. मले पाठ हाये," त्या म्हणाल्या. "माह्या बापानं लग्नात वय कमी सांगतलं अन् मले गप्प बसवलं. तवापासून यायनं घरात सत्य म्हटलं, का मी उठून सैपाकघरात जाओ. आता नाई भेत मी कोनाले."

चारुता पुढे आली. तिनं बोटांवर हिशेब केला, टेबलावरची शाल उचलली आणि सरांच्या हातात दिली. पंचाहत्तर पूर्ण झालेलं माणूस सभेत होतंच. सरांनी ती शाल बायकोच्या खांद्यावर घातली. फलक बदलावा लागला नाही.

घरी जायला दोघं ऑटोत बसले. "ते शाईचं मी तुह्यासाठी म्हनलो," सर म्हणाले.

"मले समजलं," रिबकाबाई म्हणाल्या. त्यांनी सरांच्या हातावर हात ठेवला. "पन खोटंच होतं ते. पुढच्या रविवारी सांगा मंडळीले."

पुढच्या रविवारी सर उभे राहिले. आपण वेदीसमोर खोटं बोललो, ती चूकच होती, आणि चूक ही कोणत्याही काळात चूकच असते, असं त्यांनी खणखणीत सांगितलं. पाळक मान डोलवत होते. तेवढ्यात सर म्हणाले, "पन ती उभी राहिली नसती, तर मी आजही तेच बोललो असतो. अन् त्याच्यावर माहं म्हननं असं हाये, का..."

"बसा आता," पहिल्या बाकावरून रिबकाबाई म्हणाल्या.

वयानं लहान असल्यामुळे सर बसले.