दोन नग, मोहरबंद

मुलांना न सांगता सहलीला न्यावे, ही कल्पना सर्वस्वी माझी. मी ती मांडली तेव्हा आमची ही उशीला अभ्रा घालीत होती. अभ्रा अर्धा चढलेला असतानाच तिने ती निकालात काढली.

"सांगून नेऊ या ना. चार दिवस आधीपासून नाचतील घरभर. तीच तर खरी मजा."

"तो अपेक्षित आनंद झाला," मी म्हणालो. "मला त्यांना अकल्पित आनंद द्यायचा आहे."

"सरप्राइज म्हणा की सरळ."

(मी म्हटले नाही. ज्या वस्तूला स्वभाषेत शब्द आहे तिला परक्या शब्दाने हाक मारू नये, असे माझे मत आहे. आमच्या घरात हे मत एकट्या माझेच आहे.)

मुले दोन. थोरली आठ वर्षांची, तिला सारेच ताई म्हणतात. धाकटा साडेपाच वर्षांचा ढब्बू. या ढब्बूने समुद्र पाहिलेला नव्हता, आणि गेले सहा महिने तो त्याविषयी माझी उलटतपासणी घेत होता. समुद्राला झाकण असते का? रात्री तो बंद करतात का? त्यात कुणी साबण टाकला तर फेस कोण पुसतो? या साऱ्या प्रश्नांना एकदाच, प्रत्यक्ष समुद्र दाखवून उत्तर द्यावे, असे मी ठरवले. शनिवारी पहाटे झोपलेली मुले पांघरुणासकट उचलून गाडीत ठेवायची. नव्वद किलोमीटरवर रस्ता एक टेकाड चढतो, आणि माथ्यावरून समुद्राची पहिली रेघ दिसते. तिथे गाडी थांबवायची, पांघरुणे दूर सारायची, आणि दोन चेहऱ्यांवर उमटणारे आश्चर्य डोळे भरून पाहायचे.

योजना निर्दोष होती. निर्दोष योजना आखणे हा माझा पेशाच आहे. मी एका मोठ्या रुग्णालयाचा भांडारपाल आहे. चादरी, हातमोजे, पट्ट्या, सुया यांची खोकी माझ्या दारातून आत येतात आणि माझ्या सहीने बाहेर जातात. बावीस वर्षांत माझ्या भांडारात एक नग कमी भरलेला नाही. याचे श्रेय एका नियमाला आहे. मोहरबंद खोके उघडायचे नाही. बाहेरून मोजायचे, खूण करायची, पुढे जायचे. आत काय आहे ही धाडणाऱ्याची जबाबदारी.

शुक्रवारी संध्याकाळी हिने न्हाणीघराचे दार आतून लावून घेतले आणि कपडे आणि मुलांच्या वाळूत खेळायच्या बादल्या भरायला सुरुवात केली. मी पुढच्या खोलीत पहारा देत बसलो. आमच्या शेजारच्या सदनिकेत घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहतात. साऱ्या इमारतीत त्यांना घड्याळजी म्हणतात आणि त्यांच्या मुलाला टिकटिक्या. तो ढब्बूच्याच वयाचा आणि त्याच मापाचा. रोज संध्याकाळी आमच्याकडे खेळायला येतो आणि साडेआठला घरी जातो. त्या दिवशीही साडेआठला एक मूल लाल टोपी पार नाकापर्यंत ओढून "जातो काका" असे पुटपुटत माझ्यासमोरून गेले. लाल टोपी टिकटिक्याची. मी मनात नोंद केली: एक गेला, दोन शिल्लक.

नऊ वाजता मुलांच्या खोलीत डोकावलो. दिवा मालवलेला. एका खाटेवर ताईची वेणी, दुसऱ्या खाटेवर डोक्यावरून पांघरूण ओढलेले गाठोडे. ढब्बू असाच झोपतो. दोन नग. मी समाधानाने दार लोटले.

पहाटे पाचला मी ढब्बूला उचलले तेव्हा तो मला किंचित हलका वाटला. (वाढत्या वयात मुले मध्येच हलकी होत असावीत, असा एक विचार मनात येऊन गेला. तो मी तपासून पाहिला नाही.) ताईला घेऊन ही मागून आली.

"बघू, तोंड झाकलंय का त्याचं? गुदमरेल."

"हात लावू नकोस! जागा होईल."

"अहो, पण—"

"श्श! पुढे बस. आणि टेकाड येईपर्यंत मागे वळून पाहायचे नाही. आवाज नको म्हणून दोघांचे फोनही बंद."

ती बसली. पण कपाळावरची आठी तिने शेजारी बसवली.

तासाभराने उजाडू लागले, आणि मागून ताईचा आवाज आला. आवाज झोपेतला नव्हता. घाबरलेला होता.

"बाबा, आपण कुठं चाललोय?"

"ते सांगायचे नाही."

"लांब आहे?"

"बरेच लांब."

 मग ताई म्हणाली, "बाबा, एकदा मागं बघा ना."

"चालकाने मागे पाहायचे नसते, बाळ."

"मग आई, तू बघ."

"आईनेही नाही. आमचे ठरले आहे."

"बाबा, आपण किती जण आहोत?"

"चौघे."

"मोजलेत?"

"निघताना मोजले."

"नुसतेच मोजलेत ना?" असे म्हणून ताईने एक दीर्घ उसासा टाकला. आठ वर्षांच्या मुलीच्या पोटात असा उसासा असतो हे मला ठाऊक नव्हते. मला वाटले, गाडी लागली असावी. मी खिडकीची काच चार बोटे खाली घेतली.

सव्वासात वाजता टेकाडाचा माथा आला. समुद्र जागेवर होता. मी गाडी कडेला उभी केली, उतरलो, मागचे दार उघडले, घसा साफ केला आणि गाठोड्यावरचे पांघरूण एका झटक्यात दूर केले.

"बाळांनो, पाहा! समुद्र!"

पांघरुणाखालून टिकटिक्या उठून बसला.

त्याने डोळे चोळले. माझ्याकडे पाहिले, समुद्राकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले, आणि अत्यंत व्यवहारी स्वरात विचारले, "काका, मी हरलो की जिंकलो?"

मी दाराला धरून उभा राहिलो. माझे तोंड उघडे होते एवढे आठवते, पण बावीस वर्षे जपलेली शब्दसंपदा ऐनवेळी जागची हलली नाही. मागून हिची किंकाळी आली. समोरच्या झाडावरचे सारे पक्षी एकदम उडाले.

"ढब्बू कुठाय? अहो, माझा ढब्बू कुठाय?"

"घरी," ताई म्हणाली आणि इतका वेळ आवरून धरलेले रडे तिने मोकळे सोडले. "त्यांच्या घरी. दोघांनी अदलाबदल केली होती. कुणाचे बाबा आधी ओळखतात ते बघायचं होतं. ढब्बू म्हणाला, माझे बाबाच आधी ओळखणार, ते रोज हजार वस्तू तपासतात. आणि बाबांना कळेपर्यंत बोलायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली होती!"

"अगं, पण गाडी सुटल्यावर तरी बोलायचं!"

"मला वाटलं, आत्ता कळेल, आत्ता कळेल…"

मी फोन सुरू केला. त्यावर घड्याळजींच्या फोनवरून आलेली अकरा हुकलेली आवाहने होती. (मिस्ड कॉलसाठी हाही शब्द मीच योजला आहे. त्या क्षणी त्याचा काहीही उपयोग झाला नाही.) मी उलट फोन लावला. पहिल्याच घंटीला घड्याळजींनी तो उचलला.

"घड्याळजी, तुमचा टिकटिक्या आमच्याकडे आहे."

"ठाऊक आहे की. रात्रीपासून आहे. उठला का?"

"उठला."

"मग द्या पाठवून. दार उघडंच आहे."

"पाठवतो. दोन तास लागतील."

"दोन तास? काय, अंघोळ घालताय की काय?"

"नाही. आम्ही जरा… समुद्रापाशी आहोत."

पलीकडे इतकी शांतता पसरली की मला त्यांच्या घरातली घड्याळे स्पष्ट ऐकू आली.

"तरीच," ते सावकाश म्हणाले. "तुमचा ढब्बू सहा वाजल्यापासून माझा फोन घेऊन बसलाय, पाच वेळा तुमच्या दाराचं कुलूपही बघून आलाय. मला वाटलं, खेळातलंच काहीतरी."

 मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसलो. "रडतोय का हो?"

"छे! खूश आहे. म्हणतो, बाबांना कळलं, म्हणून मला शोधायला गेलेत. थांबा, देतो त्याला."

"बाबा!" ढब्बूचा आवाज आनंदाने फुटत होता. "मी इथंच आहे! शेजारीच! शोधू नका आता!"

"बरं, बाळ."

"खूप लांबपर्यंत शोधलंत?"

"हो. बरेच लांब… आलो."

"केव्हा कळलं तुम्हाला? मध्यरात्री?"

"मध्यरात्री असे नाही म्हणता येणार."

"मग पहाटे?"

"उजाडल्यानंतर म्हणावे लागेल."

"सव्वासातला!" माझ्या खांद्यावरून ताई ओरडली. "आणि ते पण पांघरूण काढल्यावर!"

फोनमधला श्वास थांबला. मग एक बारीक आवाज आला, "म्हणजे मला शोधायला नव्हता गेलात?"

 हिने माझ्या हातून फोन घेतला, दुसऱ्या हाताने गाडीची किल्ली घेतली, आणि मला मागच्या आसनावर बसवून स्वतः गाडी हाकली.  परतीच्या वाटेवर बोलत होता तो एकटा टिकटिक्या. आपण समुद्र किती वेळ पाहिला, तो मोठा आहे की नुसती रेघच आहे, आणि काका पुन्हा असे केव्हा करणार, हे त्याला माझ्याकडून जाणून घ्यायचे होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा ढब्बू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता. शेजारी घड्याळजी, डोळ्याला लावायचे भिंग कपाळावर सरकवून. ही धावत गेली आणि तिने ढब्बूला इतके कवटाळले की तो दिसेनासा झाला. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी नाही येणार समुद्रावर. मी काकांकडेच राहतो. काकांनी मला लगेच ओळखलं."

"अंधारात?" मी घड्याळजींना विचारले. आवाजात मत्सर आला, तो मला लपवता आला नाही.

"पांघरूण घालायला गेलो, तर श्वास निराळा वाटला," ते संकोचाने म्हणाले. "आमचा टिकटिक्या दर तिसऱ्या श्वासाला थबकतो. हा सरळ चालत होता. म्हटलं, मुलांचा खेळ आहे, चालू द्यावा. तुम्ही त्याला घेऊन गावाबाहेर पडाल असं काही वाटलं नाही बुवा. पुढच्या वेळी न्या, जरूर न्या. फक्त सांगून न्या."

मी मान खाली घातली. ढब्बू आता माझ्याकडे रोखून पाहत होता. नाकाचा शेंडा लाल, ओठ घट्ट. या मुलाने रात्रभर माझी वाट पाहिली होती, आणि मी त्याला सोडून नव्वद किलोमीटर गेलो होतो.

"बाबा," तो म्हणाला, "आता तुम्ही ओळखा. डोळे मिटून. श्वासावरून. ओळखलंत तर मी येतो."

"आणि नाही ओळखला तर?"

"तर नाही येत."

ताईने माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला, दोनदा आवळून. मला पायरीवर बसवले. कुजबुज झाली, पावले सरकली, कुणीतरी कुणाला तरी ढकलले. मग माझ्या उजव्या कानाशी एक श्वास आला. तो थबकत थबकत चालला होता.

"हा टिकटिक्या," मी म्हणालो.

"बरोबर!" ताई ओरडली. माझी छाती फुगली.

दुसऱ्या श्वासाला पेपरमिंटचा वास होता. ही ताई. तेही बरोबर निघाले. मग तिसरा श्वास आला. मी सारे प्राण कानात गोळा केले. हळुवार, जरासा घाईचा, आणि सोडताना शेवटी एक अगदी बारीक, ओळखीची शिट्टी. माझे अंतःकरण भरून आले. हा श्वास मी लाखांत ओळखला असता. किती रात्री तो माझ्या कानाशी आला होता! मी दोन्ही हात पसरले आणि गहिवरून म्हणालो, "हा माझा ढब्बू! हा माझा लाडका, इवलासा ढब्बू!"

कुणीच ओरडले नाही. घड्याळजी खोकले.

मी रुमाल वर केला. माझ्या पसरलेल्या हातांत ही होती.

"अकरा वर्षं," ती एकेक शब्द मोजून म्हणाली, "अकरा वर्षं झोपता आहात या शिट्टीशेजारी."

मी रुमाल पुन्हा डोळ्यांवर ओढला. ढब्बू मात्र पायरीवर लोळून हसत होता. हसता हसता त्याला उचकी लागली आणि उचकी देतच तो उठला. एका हाताने त्याने ताईने गाडीतून काढून ठेवलेली आपली बादली उचलली, दुसऱ्या हाताने आईचे बोट धरले आणि गाडीकडे चालू लागला. चालता चालता त्याने तिची समजूत घातली.

"जाऊ दे ना, आई. तू नको वाईट वाटून घेऊ. त्यांना कुणीच कळत नाही."