रेडकाच्या रजामंदीची हकीकत

श्री आदिशक्ती, जी तराजू धरिते आणि मुखे बोलत नाही, तीस दंडवत घालून लिहितो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरी, एका राज्यी थोरले न्यायाधीश होते, त्यांजपुढे फिर्यादी इतक्या साचल्या की वादी मेले आणि नातू भांडू लागले. मग महाराजांनी धाकटे न्यायाधीश त्रिमलपंत नेमिले आणि आज्ञा केली की, दावा चालता पडणारे मधले अर्ज यांनी निकालांत काढावे, परंतु उभय पक्ष आपखुशीने राजी होतील तरच. कोणी कोणास भरीस घालू नये. ऐसे असता बहिरजी आणि चांगोजी, दोघे चुलतभाऊ, एका म्हशीच्या मालकीस्तव भांडत आले. म्हैस नुकती व्याली, कास तटतटली, आणि दावा सुटेतोवर धार कोणी काढावी हा अर्ज पडला. दाव्यांतील दूध पिऊ नये म्हणून रेडकू चावडीमागे बांधिले, आणि म्हैस पुढे कण्हत राहिली, ते ऐकोन चावडीवर बसलेल्या आम्हांस बहुत वाईट वाटले. पंत बोलिले, "धारेचे आत्ता ठरवून देतो. राजी आहांत?" बहिरजी बोलिला, "मी राजी." तेव्हां चांगोजीच्या मनी आले की, हा राजी, त्याअर्थी पंतांशी याचे सूत जमले आहे, आणि बोलिला, "मग मी न्हाई." त्याची बायको भागूबाई बोलिली, "जनावर मरंल की वो." पंत बोलिले, "बाई, गप्प राहा. हा दबाव जाहला." आणि म्हशीचे कण्हणेही दबावच, ऐसे ठरवून तीसही चावडीमागे नेवविले. मग अस्तमानी चांगोजी थकोन राजी जाहला आणि पंत हर्षभरे मागे पाहो गेले, तों रेडकू दावे तोडून कास रिकामी करून निजले होते. तेव्हां भाऊ जन्मांत प्रथमच एक जाहले आणि रेडकावर फिर्याद गुदरली. पंतांनी पुसिले, "येथे तरी राजी?" दोघे बोलिले, "राजी." कारकून हळूच बोलिला, "प्रतिवादीस पुसणे राहिले." मग पंतांनी रेडकास तीन वेळां पुसिले, आणि ते काही बोलले नाही, आणि न बोलणे म्हणजे राजी नव्हे, सबब फिर्याद थोरल्यांकडे गेली.

तात्पर्य, ते रेडकू वाढोन म्हैस जाहले आणि दोनदां व्याले, आणि थोरल्यांनी फिर्याद अद्याप उघडिली नाही. दोन्ही म्हशींची धार भागूबाई काढिते, दूध दोन्ही घरी घालिते, आणि कोणास पुसत नाही.