अर्धीचं फाटक

आमच्या शेजारचे भानुदास गुरुजी माणूस भेटला की आधी त्याचे कान बघतात. नमस्कार नंतर. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "तुमचे कान मला लागतील." मी घाईघाईनं दोन्ही कान झाकले. पुढे त्यांच्या कादंबरीत भिंतीला कान लावून जगणारी 'कानाडे' नावाची जमात अवतरली. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

निवृत्तीनंतर गुरुजींनी अख्खी दुनिया रचली. शेवगावच्या बैलबाजारातले दलाल बघून त्यांनी रुमालाखाली बोटांनी बोलणारे 'मुके' काढले. पण कादंबरीचा जीव म्हणजे 'दुकटे'. यांचे देह दोन, मोजणी एक.

हे कुठून आलं ते गावाला ठाऊक होतं. गुरुजींचे आईवडील ऊसतोडीला जात. तिथं मजुरीला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. वडील वारले आणि आई 'अर्धा कोयता' झाली. तरी दसरा झाला की भानुदासला शाळेसाठी मावशीकडे ठेवून ती एकटी निघायची.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी गुरुजींनी मला सकाळीच गाठलं.

"आज तिला मारतो."

"कुणाला हो?"

"दुकट्यांतली ती बाई. जोडीदार वाटेत गेलाय. गडाच्या फाटकावर जोडी मोजूनच सोडतात, अर्धीला कोण आत घेतंय? खोटं कसं लिहू?"

संध्याकाळी आम्ही चार शेजारी ओसरीवर जमलो. दाराआड खाटेवर गुरुजींची आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. झोपली असेल, असं आम्ही धरून चाललो.

गुरुजी वाचू लागले. मागून पूर चढतोय. बाई फाटकाशी आली. पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला. "जोडी कुठंय?" पाणी तिच्या घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. माझा चहा हातातच निवला. पुढचं मला एकट्यालाच माहीत होतं आणि ते ऐकायचं नव्हतं.

"मंग?" आतून आवाज आला. "घेतलं का रं तिला आत?"

गुरुजी थांबले. दाराकडं वळले.

"घेतात ना, आई. तिचं पोरगं पळत आलं. तिच्या शेजारी उभं ऱ्हायलं. झाली जोडी."

"पोराला कशाला आणलंस?" म्हातारी करवादली. "शाळा बुडंल त्याची."

गुरुजींनी चष्मा काढला आणि कागद पालथा घातला. मग चष्म्याशिवायच पुढचं वाचू लागले. पहारेकऱ्यानं पोराला शाळेत पाठवलं. बाईकडं बराच वेळ बघितलं. भाला बाजूला घेतला आणि मोठ्यानं मोजलं, "एक. पुरी एक."

"मंग ठीक हाय," म्हातारी म्हणाली.

त्या दिवशी आम्हाला निरोप देताना गुरुजींनी कुणाचेही कान बघितले नाहीत.

सकाळी मी आपल्या जमातीला जागून भिंतीला कान लावला. पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "ते मोजल्यालं तेवढं परत वाच."