फुडचं उद्या!

हवालदार हंबीरराव चौऱ्याहत्तर साली फौजेतून पेन्शनीवर कुंडलला आले, ते दोन गोष्टी घेऊन: एक काळी पत्र्याची ट्रंक आणि शिस्त. शिस्त घरात कुणालाच नको होती आणि ट्रंक अंबूबाईंना फार हवी होती. उंदरांनी त्यांची डाळीची कणगी पोखरली होती, त्यामुळे नवरा घरात आला त्या दिवसापासून त्यांना नवऱ्याआधी ट्रंक दिसत असे.

पण हवालदार चष्मा करायला सांगलीला गेले आणि घात झाला. दुकानात शेजारी बसलेल्या कुणा मास्तरांनी त्यांच्या डोक्यात भरवलं, की मुलांना वाचनाचा नाद लहानपणी आणि घरातच लागला पाहिजे. हवालदारांना कुणी "पाहिजे" म्हटलं की तो हुकूम वाटे. येताना ते चष्मा आणि पुस्तकांचं बोचकं घेऊनच एस्टीतून उतरले.

"आजपास्नं ही ट्रंक म्हंजी लायब्ररी," त्यांनी जाहीर केलं.

"आन् माजी डाळ?"

"डाळ काय, कुठंबी ऱ्हाती."

"मग पुस्तकं बी कुठंबी ऱ्हात्यात की," अंबूबाई म्हणाल्या. "आन् वाचनार कोन? मनू आन् लाला? शाळंचं पुस्तक मार खाल्ल्याबिगर उघडत न्हाईत ती!"

हवालदारांची मिशी थरथरली. (ती थरथरली की घरात काहीतरी महागात पडे.) "आपल्या गुऱ्हाळात गुळाची काहील उतरायच्या आत पोरांनी आपणहून पुस्तक न्हाई उघडलं, तर ट्रंक तुजी!"

पहिल्या संध्याकाळी त्यांनी पोरांना रांगेत फॉलिन करून वाचायला बसवलं. दहा वर्षांची मनू आणि सात वर्षांचा लाला पुस्तक छातीशी धरून ताठ बसले, आणि ताठ बसल्या बसल्या झोपले. लालाचं पुस्तक तर उलटंच होतं. तेव्हा हवालदारांनी डाव बदलला. रोज जेवणं झाली की त्यांनी स्वतः गोष्ट वाचायची, आणि ऐन रंगात आली की पुस्तक फाडकन मिटायचं.

"फुडचं उद्या!"

मग पुस्तक ट्रंकेत. कुलूप मुद्दाम नाही. पोरं कासावीस होतील, गुपचूप ट्रंक उघडतील आणि पुढचं वाचतील, असा हिशेब. गोष्ट होती भुयारात अडकलेल्या एका राजपुत्राची. डाव अगदी अचूक लागू पडला, फक्त हवालदारांनाच. पोरं "बरं" म्हणून अंथरुणात शिरायची आणि हे आपले राजपुत्राच्या काळजीत कूस बदलत पडायचे. पुढचं एक पानही वाचायचं नाही, वाचलं तर मिशी उतरवीन, अशी शपथ त्यांनी स्वतःलाच घातली होती ना!

गुऱ्हाळाच्या आदल्या संध्याकाळी तर कहर झाला. राजपुत्राची मशाल विझली, अंधारात त्याच्या पायाला काहीतरी गार, वेटोळं लागलं, आणि हवालदारांनी, काळजावर दगड ठेवून, पुस्तक मिटलं.

सकाळी पुस्तकाला ओल आली का, एवढंच बघायला (आपण विश्वास ठेवू) त्यांनी ट्रंक उघडली. पुस्तक गायब!

"ट्रंकंतलं काय काढलंस?" त्यांनी अंबूबाईंना दरडावलं.

"मी काढती? आवं, मी भरायची वाट बगतीया!"

हवालदार फुरंगटून गुऱ्हाळावर गेले. काहील चढली, रस उकळू लागला, केरबा गुळव्या मळी काढू लागला. पैज हरल्यात जमा होती. एवढ्यात चिपाडाच्या ढिगामागून आवाज आला. मनू ओळीखाली बोट धरून अडखळत मोठ्यानं वाचत होती आणि लाला तोंड उघडं टाकून ऐकत होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं. हवालदारांचे डोळे भरून आले. त्यांच्या घराण्यात आजवर बंदुका पुष्कळ उघडल्या गेल्या होत्या, पुस्तक आपणहून कुणी उघडलं नव्हतं. पोरीला पोटाशी धरावं, शाबासकी द्यावी असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी विचारलं,

"मने, त्यो सापच हाय का गं?"

"फुडचं उद्या," मनू म्हणाली.

"आगं, मी बाप हाय तुजा!"

"मग आमी काय शेजारची पोरं हुतो व्हय? आमास्नी रोज उद्या उद्या!"

इतक्यात केरबा ओरडला, "हवालदार, काहील उतरली! या लवकर!" पाक निवायला फरशीच्या वाफ्यात ओतला गेला. हवालदार रंग बघायला वाकले. वाफेनं काचा धुरकटल्या म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. कान मात्र चिपाडाकडेच होता. अखेर मनूला दया आली.

"आबाऽ, साप न्हाईच त्यो! दोरखंड हाय!"

"हात्तिच्या मारी!" हवालदारांनी आनंदानं मान झटकली, आणि चष्मा डुबुक्कन पाकात गेला.

"काय पडलं वं?" केरबानं विचारलं.

"काय न्हाई. चष्मा."

"काय न्हाई कसं? गूळ आळतुया की!"

फावडी फिरली, पण चष्मा काही हाती लागेना आणि गूळ काही थांबेना. ढेपा भरल्या गेल्या. आता कुठल्यातरी ढेपेत हवालदारांचा चष्मा होता, आणि उद्या माल सांगलीच्या पेठेत जायचा होता. कुणाच्या चहात चष्म्याची काडी निघाली तर गावाचं नाव काय राहील? एकेक ढेप कुऱ्हाडीनं फोडावी लागली. चष्मा अर्थातच शेवटच्या ढेपेत निघाला, दोन्ही काचा तडकलेला.

फुटका गूळ पेठेत कोण घेणार? तो घरी आला. हंडे, घागरी, पातेली, आंघोळीचं घंगाळसुद्धा गुळानं भरलं. डाळीला मुठीएवढीही जागा उरली नाही.

"जितलासा बाबा," अंबूबाई म्हणाल्या. "ट्रंक तुमची. आता मुंग्यास्नी बी वाचाय शिकवा."

त्या संध्याकाळी चष्म्याविना हवालदार वाचणार कसे? त्यांच्या जागेवर मनू बसली. राजपुत्र दोर धरून वर आला, भुयाराच्या दाराला हात लावला, तोच पलीकडून कुणीतरी त्याला नावानं हाक मारली, आणि मनूनं पुस्तक फाडकन मिटलं.

"फुडचं उद्या!"

पुस्तक उशाखाली घालून दोघं पोरं झोपली. हवालदार अंबूबाईंकडे सरकले. "पोरं दुपारी तुज्याजवळ वाचत हुती न्हवं?"

"व्हय की. मनूनं समदं मोठ्यांदा वाचून दावलं."

"मग सांग की! हाक कोन मारतंय?"

"ट्रंक कुणाची?" अंबूबाईंनी शांतपणे विचारलं.

हवालदारांनी फौजेत कधी पांढरं निशाण दाखवलं नव्हतं. त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं. मग उशाखाली पुस्तक घेऊन झोपलेल्या मनूकडे पाहिलं.

"तुजी," ते म्हणाले.

अंबूबाईंनी पुस्तकं उचलून भिंतीतल्या देवळीत मांडली, ट्रंकेत डाळ ओतली, झाकण लावलं आणि वर बसल्या.

"आता सांग. कोन हाय दारात?"

"ते मला तरी कुठं ठावं?" अंबूबाई म्हणाल्या. "दुपारी बी तिनं हितंच मिटलं. ल्येक कुणाची हाय!"