गुणाबाईचा विसरलेला चक्का

एका जंगलात, मुलांनो, गुणाबाई नावाची शेळी राहत होती. तिच्यासारखा मऊ चक्का कुणालाच जमत नसे. म्हणून तर सिंहमहाराजांनी तिला अजून खाल्लं नव्हतं.

राजपुत्राच्या बारशाला श्रीखंड करायचं ठरलं. गुणाबाईने चक्का फडक्यात बांधून गार गुहेत ठेवला. पण राजज्योतिषी घुबड दिवसा मुहूर्त बघायला उठेना, आणि बारसं लांबत गेलं. गुणाबाई चक्क्याचं साफ विसरली.

बारशाच्या सकाळी तिने फडकं सोडलं. चक्क्यावर पांढरी लव आली होती. आतून तो पाघळला होता. वास असा, की शेजारचा तरस घर सोडून गेला.

श्रीखंड नाही म्हणजे पानात आपणच, हे गुणाबाईला पक्कं ठाऊक होतं. तरी थाळा घेऊन ती दरबारात गेली. बिचारी जाणार कुठे?

"हे काय गं?" महाराजांनी नाक मुरडलं.

"चक्का, महाराज. नासला."

"नासला?" करकोचा हसला. तो दर हिवाळ्यात परदेशातून येई, आणि तसं रोज सांगे. "महाराज, हे तर फ्रेंच चीज! तिकडेही पहिल्यांदा कुणीतरी विसरलंच असणार. हे सालासकट खायचं. साल काढणाऱ्याला तिकडे गावंढळ म्हणतात."

महाराजांनी सालासकट खाल्लं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळ्या दरबाराने खाल्लं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अप्रतिम!" महाराज म्हणाले. "आता यावर ही शेळी वाढा."

"अशी ताजीच?" करकोचा दचकला. "फ्रान्समध्ये घाई करत नाहीत, महाराज. आधी गार गुहेत मुरू देतात. मग मधोमध अंगठ्याने दाबून बघायचं. मऊ लागलं, की तयार."

महाराज ओशाळले. "ते आम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मुरू द्या हिला."

तेव्हापासून गुणाबाई गार गुहेत राहते. चारा वेळेवर येतो. दर पौर्णिमेला महाराज येतात आणि तिची पाठ दाबून बघतात. गुणाबाई श्वास रोखते, अंग लाकडासारखं ताठ करते.

"अजून कडक आहे," महाराज म्हणतात आणि परत जातात. आता त्यांचे दात पडले आहेत. पण जाणकार म्हणून त्यांचं नाव फार मोठं झालं आहे.

तात्पर्य : काम कधीही वेळेवर करू नये. वेळेवर झालेलं श्रीखंड त्याच दिवशी संपतं, आणि मग पाळी करणारीची येते. गृहपाठाचं तुमचं तुम्ही बघा.