डावीकडचा हिरवा बाण

केशवराव पायी चालतानाही वळण्याआधी हात दाखवायचे.

गल्लीच्या तोंडाशी आले की उजवा हात खांद्याच्या रेषेत बाहेर काढायचे, मान वळवून मागे बघायचे आणि मगच पानठेल्याकडे वळायचे. मागे कधी सायकलवाला असायचा, कधी नुसतीच म्हैस. एकदा एक सायकलवाला बिचारा ब्रेक लावून थांबला. त्याला वाटलं, काका आपल्यालाच अडवताहेत.

"काय झालं जी?"

"काही नाही. मी वळून राहिलो," केशवराव म्हणाले. "आधी दाखवा, मंग वळा."

हा नियम फक्त रस्त्यापुरता नव्हता. बोलताना विषय बदलायचा असला तरी ते आधी सूचना द्यायचे. व्हरांड्यात बसून उन्हाळ्यावर गप्पा चालल्या असताना मध्येच थांबून म्हणायचे, "मास्तर, आता जरा डावीकडं वळतो." मी सावध व्हायचो. "तुमच्या घरी लसून हाय का दोन पाकळ्या?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून मी 'मास्तर'. ते सरकारी बांधकाम खात्यात जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेले. मी धंतोलीच्या त्या गल्लीत राहायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, जाऊन वर्ष झालं होतं. मी काकूंना कधी पाहिलं नाही. पुढे जे झालं त्याला ही माझी सबब आहे, आणि ती फार तोकडी आहे हे मला माहीत आहे. अपराधी वाटून घेणं हा माझा जुना छंद. दूधवाल्याला दूध पातळ आहे असं म्हटलं, तरी चार दिवस मीच त्याची नजर चुकवत फिरतो. पण या वेळचा अपराध खरा होता.

केशवरावांकडे एक जुनी विलायती मोटार होती. गोल पाठीची, काळी, म्हाताऱ्या हत्तीसारखी. दर रविवारी ते तिच्यावरची ताडपत्री काढायचे, इंजिन दहा मिनिटं चालवायचे, बंद करायचे आणि पुन्हा ताडपत्री घालायचे. गाडी फाटकाबाहेर जात नसे. कारण स्टिअरिंगसमोरच्या पत्र्यात बाणाच्या आकाराची दोन भोकं होती. गाडी वळणार असली की त्या बाजूच्या भोकामागे दिवा लागायचा आणि हिरवा बाण टिकटिक करत लुकलुकायचा. उजवा बाण लागत होता. डावा मेला होता.

तीन मिस्त्री झाले. मागचे-पुढचे दिवे व्यवस्थित लागत होते, त्यामुळे त्या इवल्याशा बाणाचं दुःख कुणाला कळेना. जरीपटक्याचा मिस्त्री तर सरळ म्हणाला, "काका, वळाचं तुमालेच हाय न? मंग तुमालेच बाण काहून पाह्यजे?"

केशवरावांनी त्याला चहा न पाजता घालवला. त्यांच्या हिशेबी ही मोठी शिक्षा होती.

"डावा बाण लागला की हुडकेश्वरच्या रस्त्यानं एक चक्कर मारन," ते मला म्हणाले. "त्याच्याशिवाय नाही."

आणि मी म्हणालो, "मी करून देतो."

मी अठरा वर्षं फळ्यावर विद्युतमंडल काढत आलो आहे. घरचा फ्यूज मात्र माझी बायको बदलते. पण केशवरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू एवढी वर्षं ते मिस्त्री शोधण्यात उगाच फिरले. त्या नजरेनं मी फुगलो.

पहिल्या रविवारी मी दोन तारा उलटसुलट जोडल्या. डावीकडचा खटका ओढताच हॉर्न वाजायला लागला आणि थांबेचना. गल्ली गोळा झाली. "काहून गा मास्तर, वरात निघून राहिली का?" समोरच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं. दुसऱ्या रविवारी उजवा बाणही गेला. तिसऱ्या रविवारी तो परत आला. तो कसा आला हे मला आजही सांगता येणार नाही. केशवराव स्टुलावर बसून हातपंख्यानं मला वारा घालत होते. एकदाही रागावले नाहीत. याचंही मला अपराधी वाटतं.

चौथ्या रविवारी ते उसाचा रस आणायला गेले असताना मला दोष सापडला. डाव्या दिव्याचं होल्डर गंजलं होतं. मी ते काढून पॉलिशपेपरनं घासलं. मागून पाहिलं तर बाणाच्या भोकावर नीटशी काचच नव्हती. लाखेनं चिकटवलेला कुठल्या तरी बांगडीचा वाकडा तुकडा होता. धुळीनं माखलेला, कच्च्या संत्र्याच्या सालीसारखा हिरवा. माझ्यातला विज्ञान शिक्षक दुखावला. मी तो खरवडून काढला, कचऱ्याबरोबर नालीत टाकला आणि शाळेच्या नाटकातल्या दिव्यांसाठी आणलेल्या हिरव्या कागदाचा तुकडा तिथे मापात कापून बसवला.

केशवराव आले. मी खटका ओढला. टिक-टिक, टिक-टिक. बाण लागला.

ते वाकून पाहत राहिले. हातातलं रसाचं पातेलं कलंडून थोडा रस पायावर सांडला, तरी लक्ष नाही.

"काच येगळी दिसते," ते म्हणाले.

"अहो, बांगडीचा तुकडा चिकटवला होता कुणीतरी! फेकून दिला," मी अभिमानानं म्हणालो.

"बरं केलं." मग ते म्हणाले, "तुमच्याकडं नळ आला का आज?"

त्यांनी विषय बदलला होता, आणि हात दाखवला नव्हता. मला ते जाणवलं सुद्धा; पण मी शाबासकीची वाट पाहत होतो.

गाडीवर पुन्हा ताडपत्री पडली. पुढचे दोन रविवार ती निघालीच नाही.

मग माझ्या बायकोनं वेणूबाईंना विचारलं. वेणूबाई दोन्ही घरी भांडी घासायच्या. त्यांनी सांगितलं ते असं: काकूंचा त्या बाणावर भरवसा नव्हता. गाडी डावीकडे वळायची झाली की त्या आपल्या बाजूच्या खिडकीतून स्वतःच हात बाहेर काढायच्या. आणि केशवराव दर वळणावर ओरडायचे, "हात अंदर घे वं, खांबाले लागन!" एकदा हुडकेश्वरकडे जाताना खरंच लागला. वेणूबाई मागच्या सीटवरच होत्या. काकूंची बांगडी वाढली. बाणाची मूळ काच त्याआधीच कुठेतरी गळून पडली होती. काकूंनी मांडीवरचा तुकडा उचलला आणि म्हणाल्या, "घ्या, हा बसवा तिथं. मंग ठेवते मी हात अंदर." केशवरावांनी घरी येऊन तो लाखेनं बसवला. काकूंनी मात्र हात पुढेही कधी आत ठेवला नाही.

"बांगडीचा तुकडा तुम्ही नालीत टाकला?" बायको म्हणाली.

मी दोन तास नाली उपसली. येणारा-जाणारा विचारायचा, "मास्तर, काय हरवलं?" मी म्हणायचो, "काच." लोक सहानुभूतीनं माझ्या चष्म्याकडे बघायचे आणि तो जागेवर पाहून पुढे जायचे.

शेवटी शाळेतला टॉर्च घेऊन इतवारीत बांगडीवाल्याकडे गेलो.

"बाईच्या हाताचं माप?" त्यानं विचारलं.

"माप नको. मागे दिवा लावून रंग बघायचा आहे."

त्यानं मला नीट न्याहाळलं. "लगन कोनाचं हाय?"

"गाडीचं," मी बोलून गेलो.

"भाऊ, गाडीले लिंबू-मिरची बांधतात," तो समजुतीनं म्हणाला. तरी त्यानं आठ प्रकारचे हिरवे रंग काढून दाखवले. आठव्यात कच्चं संत्रं सापडलं. मी अर्धा डझन बांगड्या घेतल्या.

केशवरावांसमोर त्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं. नाली, इतवारी, शाळेचा कागद, सगळं. सांगताना माझा आवाज वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखा येत होता.

त्यांनी एक बांगडी उजेडात धरून पाहिली.

"रंग बराबर आनला गा," ते म्हणाले. "पन मास्तर, आधी दाखवा, मंग वळा. मले एकदा इचाराचं होतं."

"चुकलं माझं."

"ह्या वहिनीले द्या. हातात घालतीन." त्यांनी बांगड्या पुन्हा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या आणि खुंटीवरची किल्ली घेतली. "चला. बसा."

मी काकूंच्या जागेवर बसलो. दुसरी जागा नव्हती. मागची सीट केव्हाच उसवली होती. गाडी खोकत खोकत फाटकाबाहेर पडली. शहर मागे राहिलं, दोन्हीकडे शेतं लागली. हुडकेश्वरच्या फाट्यावर त्यांनी डावीकडचा खटका ओढला. माझ्या नाटकी कागदाचा बाण लुकलुकायला लागला. ते त्याच्याकडे बघेनात. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि वळणावर येऊन नुसती गुरगुरत थांबली. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात हलत नव्हते.

मग मी खिडकीतून डावा हात बाहेर काढला. सरळ, खांद्याच्या रेषेत.

गाडी वळली.

"हात अंदर घे वं," केशवराव समोर बघत म्हणाले, "खांबाले लागन."

वळण संपेपर्यंत मी हात बाहेरच ठेवला.